मामा, गुडघा सरळ!

अकरा वर्षं मी कबड्डीचा पंच आहे आणि या अकरा वर्षांत एकदाच बाद झालोय. पंच बाद होत नसतो, हे मलाही माहीत आहे. शाळेत पीटीचा तास मीच घेतो, नियमांचं पुस्तक माझ्याच कपाटात असतं (कुलूप लावून, नाहीतर पोरं वाचतात आणि मग प्रश्न विचारतात). तरी बाद झालो, आणि तेही मीच केलेल्या नियमानं!

त्याचं असं झालं, की माझ्या मेहुण्याचं, बालाजीचं, लग्न जमत नव्हतं. सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर पाच एकर हळद, घर पक्कं, पोरगं निर्व्यसनी. पण मुलगी बघायला गेलं की याची वाचाच बसायची. चार ठिकाणचे पोहे खाऊन झाले, तोंडातून अक्षर नाही. चौथ्या ठिकाणी तर मुलीनंच विचारलं, "तुमाला काही इचारायचंय का?" यानं मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, यावर दोन्ही घरांचं अजून एकमत नाही. आठ दिवसांनी निरोप आला, "पोरगं मुकं हाय ते आधी सांगायचं व्हतं."

त्या दिवशी माझी बायको सुमन माझ्यासमोर चहाचा कप आपटून म्हणाली, "जिल्ह्याभर शिट्ट्या फुंकत हिंडता. माझ्या भावाला एक पोरगी हुडकता येत न्हाई तुमाला?"

मग मी हुडकली. वसमतचे सुभेदार माणिकराव. फौजेतून निवृत्त, मुलगी बी.एस्सी. झालेली, आणि माणूस इतका ताठ, की बसलेला असतानाही उभा असल्यासारखा वाटायचा. मी जमिनीचं, पाण्याचं, घराचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जमीन किती, ते मी नंतर विचारीन गुरुजी. राष्ट्रगीत लागल्यावर घरातली माणसं कशी उभी राहतात, ते आधी बघीन."

"म्हणजे?"

"जो बावन्न सेकंद नीट उभा राहत नाही, तो संसारात काय उभा राहणार?"

मला एकदम सुचलं. माझ्या शाळेच्या गावात सव्वीस जानेवारीला कबड्डीचा अंतिम सामना होता. सासुरवाडी तिथून चार किलोमीटर, त्यांचाच संघ आमच्या गावच्या संघासमोर उभा राहणार होता आणि बालाजी त्यांचा हुकमी चढाईवाला. मैदानात तो वेगळाच माणूस असतो. तिथं बोलायचं काही नसतं, नुसतं 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं असतं आणि ते त्याला पाठ आहे. सुभेदारांना प्रमुख पाहुणे करायचं, सुरुवातीला राष्ट्रगीत, सासुरवाडीची सगळी माणसं समोरच्या रांगेत ताठ, मग बालाजीचा खेळ, मग पेढे. योजनेत काही खोट काढून दाखवा!

खोट एकच होती: आमच्याकडची माणसं. आदल्या वर्षी राष्ट्रगीताला एक जण तंबाखू मळत होता, एक जण फोनवर म्हशीचा सौदा करत होता, आणि माझे सासरे, म्हणजे आमचे मामा, यांनी तर मधेच पलीकडच्या पाहुण्याला हात करून "राम राम! कधी आले?" असं विचारलं होतं. पाहुण्यानंही सांगितलं, कधी आला ते.

म्हणून मी या वर्षी आठ फुटी फ्लेक्स करून घेतला. 'राष्ट्रगीत चालू असताना जो हलेल, तो मैदानाबाहेर! मग तो कुणीही असो. हुकमावरून, पंच.' फ्लेक्सवाला म्हणाला, "सर, जागा उरून राहिली. फोटो टाकू का तुमचा?" मी नको म्हटलं नाही. त्यानं जरा मोठाच टाकला.

नुसत्या फ्लेक्सनं मामा सुधारणार नव्हते. सुमन संक्रांतीला माहेरी गेली होती ती लग्न जमल्याशिवाय परतणार नव्हती, तेव्हा शाळा सुटली की मीही रोज तिकडंच जायचो. फोनवर बरोबर पाचचा अलार्म लावला, अलार्मला राष्ट्रगीताची धून लावली आणि घरादाराचा सराव सुरू केला. पाच वाजले की जो जिथं असेल तिथं सावधान! पहिल्या दिवशी सासूबाईंचा कांदा करपला. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं आणि सगळे जण त्याच्याकडे बघत ताठ उभे राहिले. मला भरून आलं.

मामांचा मात्र गुडघा वाकायचा.

"गुरुजी, बसून चालत न्हाई का?"

"न्हाई मामा."

"ह्यो गुडघा माझं आयकत न्हाई. तुमीच सांगा त्याला."

मी अलार्मला नावच देऊन टाकलं: 'मामा, गुडघा सरळ!' म्हणजे फोन वाजला की पडद्यावर तेच ठळक अक्षरांत दिसायचं आणि मी तो मामांसमोर धरायचो. आठव्या दिवशी गुडघा सरळ झाला.

सव्वीस जानेवारी उजाडली. सामना दोनचा होता. सत्कार आटपेपर्यंत चार वाजून गेले (नारळ कमी पडले, तेच ते फिरवले). राष्ट्रगीत माझ्याच फोनवरून लावलं, स्टेजवरच्या टेबलावर फोन, त्याला वायर, वायर थेट भोंग्यांना. आणि काय सांगू, अख्खं मैदान एका रेषेत! मामा तर खांबासारखे उभे. सुभेदारांनी हळूच त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. सुमननं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं.

फोन तसाच वायरीला राहिला. साऊंडवाला चहाला गेला. मी शिट्टी तोंडात घातली आणि सामना सुरू केला.

शेवटचं अर्धं मिनिट. सासुरवाडी एका गुणानं मागं. बालाजीची चढाई. काय गेला तो! डावीकडं एकाला शिवला, उजवीकडं दुसऱ्याला, आणि मागं फिरणार एवढ्यात आमच्या गावच्या रफिकनं झेप घेऊन त्याचा घोटा धरला. रफिक माझाच जुना विद्यार्थी, त्यानं धरलेला घोटा सुटत नाही. बालाजी त्याला फरपटत मध्यरेषेकडं निघाला. हातभर अंतर राहिलं. लोक ओरडायला लागले. सुभेदार खुर्चीच्या टोकावर आले.

आणि पाच वाजले.

भोंग्यातून राष्ट्रगीताची पहिली धून आली आणि अख्खं मैदान जागच्या जागी थिजलं. ओरडणाऱ्यांची तोंडं उघडी ती उघडीच. चहाच्या टपरीवर साऊंडवाला, कप ओठाला लावलेला. सुभेदार ताडकन उठून सावधान. रफिक जमिनीवर पालथा, हातात घोटा. त्यानं एकदा फ्लेक्सवरच्या माझ्याकडं पाहिलं, एकदा खऱ्या माझ्याकडं पाहिलं, घोटा सोडला आणि उठून ताठ उभा राहिला. त्याच्या शेजारी बालाजी. दोघंही घामानं निथळलेले, छाती भात्यासारखी हलतेय, बाकी काही हलत नाही.

आणि शिट्टी माझ्या तोंडात! हात हलवून काढता येईना. श्वास सोडला की 'पीं'. आवरून धरला, तर पुढची 'पीं' जास्त मोठी. अख्ख्या मैदानावर राष्ट्रगीत आणि मधे मधे मी.

बावन्न सेकंद संपले. सुटलो, असं वाटलं. बालाजीनं पाऊल उचललं, रफिकनं हात पुढं केला, आणि राष्ट्रगीत पुन्हा सुरू झालं! अलार्म होता तो. बंद केल्याशिवाय थांबतो होय!

आता बालाजी एका पायावर. त्यानं तो पाय अलगद खाली टेकवला आणि पुन्हा सावधान. मला दरदरून घाम फुटला. फोन कुठं, तर सुभेदारांच्या हातापासून वीतभर अंतरावर. एक बोट लावलं असतं तर काम झालं असतं. पण अख्ख्या जिल्ह्यात राष्ट्रगीताला बोट न हलवणारा एकच माणूस असेल, तर तो हाच. त्यांची नजर तेवढी फोनवर होती. पडद्यावर काय लिहून येत असेल ते आठवलं आणि माझ्या तोंडून सगळ्यात लांब 'पीं' निघाली.

बायकांच्या रांगेतून सुमन डोळ्यांनीच म्हणत होती, "अव्हो, बंद करा नं!" मी डोळ्यांनीच म्हटलं, "कसं करू? नियम माझाच हाय!" तिनं डोळ्यांनीच जे उत्तर दिलं, ते इथं लिहिता येत नाही.

दुसरी खेप संपली. मधे एक सेकंद. तेवढ्यात मी धूम ठोकली. चार ढांगांत स्टेज गाठायचं, असा हिशेब. दोन ढांगा झाल्या आणि तिसऱ्यांदा सुरू! मेंदू म्हणाला सावधान, पाय म्हणाले आता कसलं सावधान. मंडपाची दोरी पायात आली आणि मी स्टेजवर, टेबलावर, हारांच्या ढिगात पालथा. हाताखाली फोन आला. मी बटण दाबलं.

अर्ध्यावर! राष्ट्रगीत अर्ध्या ओळीवर तोडलं मी. हलणं राहिलं बाजूला, हे त्याहून वाईट.

मैदानात कुणी हलेना. मग सुभेदारांनी, तसंच समोर बघत, जिथं तुटलं तिथून पुढं स्वतः म्हणायला सुरुवात केली. आवाज घोगरा, पण सूर पक्का. रफिकनं साथ दिली. मग मामांनी, मग अख्ख्या मैदानानं. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. मी टेबलावर हात मांडीला चिकटवून, टाचा जुळवून, आडवाच सावधान झालो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

संपलं. सुभेदार माझ्याकडं वळले.

"गुरुजी, तो फ्लेक्स कुणाचा?"

"माझा."

"वाचा."

मी झेंडूच्या पाकळ्या झटकत वाचला. 'मग तो कुणीही असो' इथं आवाज थोडा बसला.

"मग?"

मी उठलो आणि मान खाली घालून दोरीच्या बाहेर गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मुख्याध्यापकांनी जरा जास्तच वाजवल्या.

आता पंचच बाहेर, तर बालाजीच्या चढाईचं काय? त्याचे गुण धरले तर सासुरवाडी जिंकते, नाही धरले तर हरते. दोन्ही गावं बाह्या सरसावून एकमेकांकडं सरकायला लागली. सुभेदार सरळ मैदानात उतरले आणि बालाजीसमोर जाऊन उभे राहिले.

"बोल बेटा. तू बाद की नाही?"

सुमननं डोळे मिटून घेतले. मीही दोरीबाहेर देवाचं नाव घेतलं. याला आजपर्यंत 'चहा घ्या' म्हणता आलं नव्हतं.

बालाजीनं एकदा खाली पाहिलं, एकदा रफिककडं पाहिलं.

"बाद हाय मी, साहेब," तो म्हणाला. "रफिकनं बराबर धरलं व्हतं मला. राष्ट्रगीताला उभं राहायला सोडलं त्यानं. ते काही माझं सुटणं न्हाई."

"काहून रे?" रफिक उसळला. "सोडलं म्हंजे सोडलं! पॉइंट तुझा हाय, घे की!"

"न्हाई घेत."

"घे म्हणतो ना!"

"न्हाई म्हंजे न्हाई!"

भांडण लागलं, पण उलटं. मी बोटांवर मोजत होतो. चार ठिकाणच्या पोह्यांवर मिळून बोलला नव्हता, त्याच्या कितीतरी पट बालाजी या एका मिनिटात बोलला होता. सुमन पदरानं डोळे पुसत होती आणि शेजारणीला सांगत होती, "माझा भाऊ हाय तो. मुका म्हणे!"

सासुरवाडी हरली. सुभेदारांनी ढाल रफिकच्या हातात दिली आणि येऊन मामांचा हात हातात घेतला.

"मुलगा पसंत. घरही पसंत. चारही वेळा तुमचा गुडघा सरळ होता मामा, मी बघितलं."

"अन् आमचे जावई?" मामांनी भीत भीत विचारलं.

सुभेदारांनी दोरीबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. "माणूस चांगला आहे," ते म्हणाले. "फक्त त्याला कुठंतरी बांधून ठेवत जा."

लग्न उन्हाळ्यात झालं, थाटात झालं. माझा फोन मंडपाच्या दारातच सुमननं काढून घेतला. आणि तो फ्लेक्स मामा घरी घेऊन गेले. कापड मजबूत निघालं. हळद शिजवून वाळत घातली होती, तिच्या ढिगावर तो अंथरला, चारी कोपऱ्यांवर चार मोठे दगड ठेवले. माझा फोटो बरोबर मधोमध, आभाळाकडं तोंड करून. येणाराजाणारा विचारतो, हे कोण?

"आमचे जावई," मामा कौतुकानं सांगतात. "आता बिलकुल हालत न्हाईत."