मानाप्रमाणे मांडलेला फुटबॉल

लोणावळ्याच्या लोकोशेडमध्ये मी टाइमकीपर होतो तेव्हाची ही गोष्ट. घाटात अजून विजेची इंजिनं आली नव्हती. घाट चढून आलेली इंजिनं आमच्याकडे कोळसा-पाणी घेत, आणि त्यांची राख आम्ही फुटबॉलच्या मैदानावर पसरत असू. पावसाळ्यात त्या मैदानाचं भाताचं खाचर व्हायचं. राख टाकली की चिखल तसाच राहायचा, फक्त काळा व्हायचा. त्यात पडलं की गुडघे असे सोलून निघत की आठवडाभर मांडी घालून जेवता येत नसे.

आमच्या शेडचा फुटबॉल क्लब होता, आणि त्याचा मी सेक्रेटरी होतो. मला खेळातलं फार कळत होतं म्हणून नव्हे, माझं अक्षर चांगलं होतं म्हणून. पुण्याच्या लीगमध्ये आम्ही सर्वांत खालच्या डिव्हिजनमध्ये होतो. त्याच्या खाली डिव्हिजनच नव्हती. तिथून खाली जायचं म्हणजे सरळ घरी जायचं.

क्लबाचा कॅप्टन आमचा हेडक्लार्क. त्याचं पोट त्याच्याआधी दरवाजातून आत येई. त्यानं उभ्या आयुष्यात कधी बॉलला लाथ मारली होती की नाही देव जाणे, पण तो सेंटर फॉरवर्ड खेळायचा. त्याचं म्हणणं असं की सेंटर फॉरवर्ड सगळ्यांच्या पुढे आणि मधोमध उभा असतो, तेव्हा ती जागा हेडक्लार्कचीच. त्याच्या दोन्ही बाजूंना बाकीचे क्लार्क: मालबाबू, स्टोअरबाबू, तारबाबू आणि मी. आमच्या मागच्या ओळीत फिटर आणि ड्रायव्हर, त्यांच्या मागे रुळांचे सांधे बदलणारे दोन पॉइंट्समन. जेवणाच्या पंगतीत कोण कुठं बसणार हे जसं आधीच ठरलेलं असतं, तसाच आमचा संघ ग्रेडप्रमाणे ठरलेला होता. शेवटी गोलकीपर. गोलकीपर म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, असं हेडक्लार्क समजावून सांगायचा, आणि पहाऱ्याचं काम टेंपररी खलाशाचं, म्हणजे शेडमधल्या हंगामी मजुराचं. या विचारात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मलाही दिसलं नाही, कारण मला पुढच्या ओळीत जागा मिळत होती.

तो टेंपररी खलाशी लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा होता. वय तिशीच्या आसपास, अंगानं काटक. पहिल्या महायुद्धात हमालांच्या तुकडीत भरती होऊन बसऱ्याला गेला होता, आणि तिथं गोऱ्या सोल्जरांबरोबर संध्याकाळी फुटबॉल खेळायला शिकला होता. अनवाणी पायानं तो बॉल जिथं पाठवायचा म्हणेल तिथं पाठवी. हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कारण सरावाच्या वेळी तो गोलमधून जो बॉल मारी तो आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या गोलजवळ जाऊन पडे. हेडक्लार्क त्याला म्हणायचा, जरा हळू मार, बॉल खाचरात जाईल.

चार वर्षं तो टेंपररी होता. दर दिवाळीला टेंपररी माणसांना घरी पाठवायचं आणि गरज लागली की पुन्हा बोलवायचं, अशी पद्धत होती. कायम झालं की रेल्वेच्या चाळीत खोली मिळे, दवाखाना मिळे, आणि कोंबडं आरवायच्या आधी औंढ्याहून चिखल तुडवत यायची पाळी संपे. त्या मोसमाच्या सुरुवातीला आमच्या फोरमन साहेबानं क्लबाच्या सभेत सांगितलं की शेडमध्ये एक कायम जागा व्हायची आहे. क्लब लीगमध्ये टिकला तर ती जागा खेळणाऱ्या टेंपररी माणसाला देऊ. क्लबात टेंपररी माणूस एकच होता. त्या दिवसापासून तो आमच्यापेक्षा जास्त मनापासून खेळू लागला. अर्थात आमच्यापेक्षा जास्त मनापासून खेळायला फारसं काही लागत नव्हतं.

पहिले पाचही सामने आम्ही हरलो. पुण्याला पॅसेंजरनं जायचं, जाताना हेडक्लार्कच्या बायकोनं दिलेले थालीपीठ-लोणच्याचे डबे गाडीतच संपवायचे, आणि भरल्या पोटानं मैदानात उतरायचं. बॉल आमच्या पुढच्या ओळीकडे आला की पाच क्लार्क एकमेकांकडे बघत. हेडक्लार्कला आधी संधी दिल्याशिवाय बॉलला पाय लावायचा कसा? तोवर समोरच्या संघातला कुणी बॉल घेऊन पसारही झालेला असे. मग सगळा भार त्या एकट्या गोलकीपरवर. भातलावणीच्या दिवसांत तो सकाळी खाचरात वाकून काम करी, दुपारी गाडी पकडी आणि गोलमध्ये उभा राही. त्याच्या पिंढऱ्यांवरचा चिखल औंढ्याचा की पुण्याचा हे सांगता येत नसे. पंधरा वेळा बॉल त्याच्याकडे यायचा आणि तीन वेळा आत जायचा. त्या तीन वेळांबद्दल हेडक्लार्क परतीच्या गाडीत खडकीपासून लोणावळ्यापर्यंत त्याला शिकवत बसे.

सहाव्या सामन्याला हेडक्लार्क आला नाही. त्याच्या मेव्हण्याच्या घरी सत्यनारायण होता. मी त्या दिवशी माझ्या आयुष्यातलं एकमेव शहाणपण केलं. एका पॉइंट्समनला गोलमध्ये उभं केलं आणि खलाशाला सेंटर फॉरवर्ड. त्यानं धोतराचा काचा घट्ट केला. आम्ही तीन गोलांनी जिंकलो. तिन्ही त्यानं मारले. परत येताना गाडीत कुणी कुणाला शिकवलं नाही, आणि तळेगाव येईस्तोवर तारबाबू चक्क गाऊ लागला.

सोमवारी माझ्या टेबलावर मेमो होता. हेडक्लार्कनं स्वतःच्या हातानं लिहिलेला, नंबर घातलेला. कनिष्ठ नोकराला वरिष्ठांच्या पुढे कोणत्या आधारावर उभं केलं, याचा खुलासा चोवीस तासांत करावा. जिंकलेल्या सामन्याबद्दल खुलासा मागितला गेलेला जगातला मी पहिलाच सेक्रेटरी असेन. मी हसायला हवं होतं. तो कागद साहेबापुढे नेऊन ठेवायला हवा होता. मी काय केलं? माझ्या चांगल्या अक्षरात खुलासा लिहिला: नजरचुकीनं घडलं, पुन्हा घडणार नाही, क्षमा असावी. हेडक्लार्कनं तो फाइलला लावला. मला आज त्या माणसाची जेवढी घृणा वाटते, तेवढीच त्या सुबक अक्षरांचीही वाटते.

खलाशी पुन्हा गोलमध्ये गेला. पुढचे तीन सामने त्यानं एकट्याच्या जिवावर बरोबरीत सोडवले. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता, गुणांच्या यादीत आमच्या एक पायरी वर असलेल्या क्लबाशी. हिशोब सरळ होता. जिंकलो तर ते बाहेर, नाही जिंकलो तर आम्ही. साहेब खुर्ची टाकून छत्रीखाली बसला होता. फिटरांच्या बायका, औंढ्याची दहा-बारा माणसं, बाजारातले दोन-तीन दुकानदार, सगळे कडेला उभे होते. आमच्या मैदानावर एवढी माणसं त्याआधी एकदाच जमली होती, एक म्हैस चिखलात रुतली होती तेव्हा.

पाऊस पिरपिरत होता. बॉल पाणी पिऊन जड झाला होता. दोन्ही बाजूंनी गोल होईना. त्यांचा होईना याचं कारण आमच्या गोलमध्ये उभं होतं. आमचा होईना याचं कारण आमच्या पुढच्या ओळीच्या मधोमध धापा टाकत उभं होतं. सामना संपायला पाचेक मिनिटं असतील, तेव्हा त्यांचा फुलबॅक चिखलात घसरला आणि पडता पडता त्यानं बॉल हातानं अडवला. रेफ्रीनं शिट्टी मारली. पेनल्टी.

खलाशी आपली जागा सोडून सगळं मैदान ओलांडून पळत आला. हेडक्लार्ककडे गेला नाही, माझ्याकडे आला. त्याच्या दाढीतून पाणी गळत होतं.

"भाऊसाहेब, मला मारू द्या," तो म्हणाला. "येकदाच. मी न्हाई चुकायचा."

हेडक्लार्कनं माझ्याकडे बघून विचारलं, "सेक्रेटरी, क्रमानं कुणाचा मान?"

दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. फाइलला लावलेला तो खुलासा मला दिसला. मी म्हणालो, "आपलाच, साहेब."

खलाशी मागे वळला आणि आपल्या गोलकडे चालत गेला. पळत नाही, चालत. हेडक्लार्कनं बूट पुसले, चष्मा पुसला, तारबाबूकडे टोपी दिली. मग चार पावलं धावून त्यानं लाथ मारली. आधी चिखल उडाला आणि मग बॉल निघाला. तो सरपटत त्यांच्या गोलकीपरच्या पायाशी गेला. त्याला वाकावंसुद्धा लागलं नाही, त्यानं पायानंच तो थांबवला. सामना बरोबरीत सुटला आणि आमचा क्लब लीगच्या बाहेर गेला. हेडक्लार्क आम्हाला म्हणाला की बॉलला वाद्या नीट आवळलेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबानं मला बोलावलं. तो रजेवर विलायतेला निघाला होता, खोलीत ट्रंका भरलेल्या होत्या. त्यानं हिंदुस्तानीत सांगितलं की क्लब बंद, असल्या तमाशासाठी यापुढे बॉलसुद्धा मिळणार नाही. मी मान डोलावली. मग तो म्हणाला, पण तो गोलकीपर खेळाडू आहे, त्याला कायम करायचं, त्याचं नाव कागदावर लिहून आण, जायच्या आधी सही करतो. गोऱ्या साहेबाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. आमच्यातल्या कुणाचंच त्याला ठाऊक नव्हतं.

एका नावाचा कागद. एवढंच लिहायचं होतं. पण कागद हेडक्लार्कच्या टेबलावरून जाणार. तो म्हणाला, एकच नाव पाठवायची पद्धत नाही, टेंपररींची यादी जाते, ज्येष्ठतेनं. मी म्हणालो, साहेबानं गोलकीपरचं नाव मागितलंय. तो म्हणाला, मग यादीत ते असेलच की. मी अर्धं मिनिट उभा राहिलो. एवढाच माझा विरोध. मग बसलो आणि यादी लिहिली. पहिलं नाव कागदोपत्री शेडमध्ये असणाऱ्या आणि प्रत्यक्षात हेडक्लार्कच्या बागेला पाणी घालणाऱ्या माणसाचं. औंढ्याच्या खलाशाचं चौथं.

यादी घेऊन गेलो तेव्हा साहेब ट्रंकेला कुलूप लावत होता. त्यानं कागद मांडीवर घेतला, पहिल्या नावापुढे खूण केली, सही केली आणि म्हणाला, त्याला सांग, चांगला खेळलास. मी तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. दारात हेडक्लार्क उभा होता. मी 'जी साहेब' म्हणून कागद उचलला. संध्याकाळच्या गाडीनं साहेब मुंबईला गेला, आणि विलायतेहून परत आला तो दुसऱ्याच शेडवर.

दिवाळीच्या आधी खलाशाला घरी पाठवलं. शेवटच्या दिवशी तो माझ्या खिडकीशी आला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता.

"भाऊसाहेब, माजं नाव धाडलं व्हतं का तुमी?"

"धाडलं होतं," मी म्हणालो.

"मग सायबाच्याच मनात नसंल," तो म्हणाला. "तुमी तरी काय करणार."

पुढे त्याला कुणी बोलावलं नाही. औंढ्याला तो भातशेती करत राहिला. बाजारात चार माणसांत बसला की त्या गोऱ्या साहेबाला शिव्या द्यायचा. कबूल करून फिरला म्हणायचा. आणि दर वर्षी नवा आंबेमोहोर निघाला की पायलीभर तांदूळ घेऊन माझ्या दारी यायचा, का तर साऱ्या शेडमध्ये मी एकट्यानं त्याच्यासाठी शब्द टाकला होता. मी नोकरीतून निवृत्त होईपर्यंत तो येत राहिला, आणि मी तो तांदूळ घेत राहिलो.