दुसऱ्या भागाच्या शिव्या

आमच्या लाडक्या गेमचा तिसरा भाग येतोय म्हणून जुना कॉम्प्युटर चालू केला, तर तापलेल्या धुळीचा तोच वास आला. शिसारीच आली.

सात वर्षांपूर्वी दुसऱ्या भागासाठी दादा फौजेतून दहा दिवसांची सुट्टी काढून पलूसला आला होता. गेम कसला, उकिरडा! घोडा भिंतीत रुतायचा, मेलेले शत्रू हवेत तरंगायचे. आईनं आणलेली भाकरी की-बोर्डशेजारी वाळून जायची आणि आम्ही स्क्रीनला शिव्या घालत बसायचो. सगळी सुट्टी नासली.

तेवढ्यात दादाचाच फोन आला. "तिसरा येतोय न्हवं? सुट्टी टाकलीया."

"थू! परत त्या घाणीसाठी?"

"गेम जाऊ दे रं खड्ड्यात. तुज्याशेजारी बसून शिव्या घालायच्यात. हितं तसं आपलं कोण हाय?"