डोसबाईंनी दिलेले पेशंट

हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत एकोणतीस वर्षं उभं राहिल्यावर डोसबाईंच्या गुडघ्यांनी एक दिवस साफ हात टेकले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "बाई, आता बसून करायचं काम बघा." खिडकीत बसून काम होत नाही. मग काय, त्या घरी बसल्या.

डोसबाई हे नाव त्यांना खिडकीतच पडलं होतं. चिठ्ठी हातात घेतली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "डोस किती लिहिलाय बघू." आणि औषध देता देता समोरच्याला उपदेशाचा एक डोस पाजल्याशिवाय त्या कुणाला सोडत नसत. आडून म्हणणारे हळूहळू तोंडावर म्हणायला लागले, आणि बाईंनीही ते नाव आपलं मानलं.

घरी मात्र त्यांचं मन रमेना. त्यांचे यजमान बस डेपोत मेकॅनिक होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता आणि तो सोडायची त्यांची तयारी नव्हती. बाई मग घरातले डबे, बाटल्या काढून त्यांच्यावरच्या तारखा तपासत बसायच्या.

"अगं, मिठाला कसली आलीय एक्स्पायरी?" यजमान वैतागून म्हणायचे.

"लिहिलेली असते. तुम्ही वाचत नाही, एवढंच."

असे चार महिने गेले आणि फार्मसी कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. या प्राचार्य म्हणजे वीस वर्षांपूर्वी बाईंच्याच हाताखाली शिकाऊ म्हणून आलेली मुलगी. अजूनही बाईंशी बोलताना तिचा आवाज थोडा खाली यायचा.

"बाई, आमच्याकडे पेशंट व्हाल का?"

"मी आहेच की पेशंट. गुडघे बघ माझे."

"तसं नाही हो. तुम्ही या तर खऱ्या."

कॉलेजात जे घडलं होतं ते असं. गेल्या वर्षी त्यांनी व्हीआरचे बारा हेडसेट घेतले होते. डोळ्यांवर तो चढवला की चारी बाजूंना औषधाचं दुकान उभं राहतं, काउंटरपलीकडे पेशंट येतो, आणि विद्यार्थ्याने त्याची चिठ्ठी वाचून, औषध काढून, ते कसं घ्यायचं हे समजावून सांगायचं. मुलं त्यात पटापट मार्क मिळवत होती. पण तीच मुलं हॉस्पिटलात शिकायला गेली की पाच माणसांची रांग बघून त्यांची भंबेरी उडत होती. तिथल्या मुख्य फार्मासिस्टने दोनदा तक्रार केली होती.

बाईंना खुर्चीवर बसवून हेडसेट चढवला. पहिल्यांदा त्यांना गरगरलं. मग समोर काउंटर दिसला आणि सवयीने त्यांनी त्यावर कोपर टेकायला हात पुढे केला. तिथे अर्थातच काही नव्हतं. बाई खुर्चीसकट पुढे कलंडल्या. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या प्रोग्रामरने त्यांना वरच्या वर धरलं म्हणून थोडक्यात निभावलं. मागे उभी असलेली मुलं खुदखुदली.

"हसा, हसा," हेडसेटच्या आतून बाई म्हणाल्या. "आता पाठवा कोण पेशंट आहे तो."

एक नीटनेटका गृहस्थ आला. म्हणाला, "नमस्कार. मला तीन दिवसांपासून ताप आहे. मला कोणत्याही औषधाची अ‍ॅलर्जी नाही. मी दुसरं कोणतंही औषध घेत नाही."

बाईंनी हेडसेट काढला.

"असा माणूस मला एकोणतीस वर्षांत एकदाही भेटला नाही," त्या म्हणाल्या. "भेटला असता तर घरी जेवायला बोलावला असता. आणि इथे कुणी खोकत कसं नाही? मागून कुणी 'लवकर आटपा हो' असं ओरडत कसं नाही?"

प्रोग्रामर हा केसांची शेंडीसारखी गाठ बांधणारा, कमी बोलणारा तरुण होता. त्याने वही उघडली.

मग आठवड्यातून तीन दिवस बाई कॉलेजात जायला लागल्या. त्या सांगायच्या, तो लिहून घ्यायचा. 'ती पांढरी गोळी द्या' एवढंच सांगणारा पेशंट. शेजारणीला गुण आला म्हणून तिच्याच गोळ्या मागणारी बाई. दारू पितो हे बायकोसमोर कबूल न करणारा नवरा. त्याला बाजूला घेतल्याशिवाय खरं बाहेर पडतच नाही. फोनवर बोलत बोलत औषध घेणारा. सारख्या नावाची दोन औषधं फळीवर शेजारी ठेवायला सांगितली तीही बाईंनीच. "खऱ्या दुकानात असतात तशी असू देत. चुकू देत इथे. इथे कुणी मरत नाही."

आवाजही बाईंनीच दिले. पुरुषांच्या आवाजांसाठी त्यांनी यजमानांना धरून आणलं. त्यांना कमी ऐकू येणाऱ्या आणि प्रत्येक गोष्टीला "हो, हो" म्हणणाऱ्या आजोबांची भूमिका दिली. यजमानांच्या अंगात असं काही आलं की विचारू नका. त्यांनी मधेच उसासे टाकले, धाप लागल्याचा आवाज काढला, आणि शेवटी लिहून दिलेलं नसताना "आता माझे थोडेच दिवस राहिले बाळा" असंही म्हणून टाकलं.

"अहो, तुम्हाला सर्दी झालीय!" बाई म्हणाल्या. "सर्दीवरच्या गोळ्या घ्यायला आलाय तुम्ही!"

प्रोग्रामर तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने हसला. यजमानांचा तो उसासा मात्र त्याने ठेवून दिला.

अठरा पेशंट झाले. एकोणिसाव्याच्या वेळी बाईंनी आधी प्रोग्रामरला पेन खाली ठेवायला लावलं. मग म्हणाल्या, "एक आजी आहे. पण ती मी सांगेन तशीच्या तशी घ्यायची. बदल करायचा नाही."

ही आजी सांधेदुखीची चिठ्ठी घेऊन येते. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर जिवावर बेतते. विद्यार्थी तिला हे सांगतो. आजी मान डोलावते, गोड हसते, आशीर्वाद देते आणि जाते. विद्यार्थ्याने एवढ्यावर थांबून पुढच्याला बोलावलं, तर पुढचा पेशंट येत नाही. येते आजीची मुलगी. तिच्या हातात रिकामं पाकीट असतं. आई दवाखान्यात आहे, तोंड आतून सोललंय, पाणीसुद्धा गिळवत नाही, असं ती सांगते. मग दुकान विझतं आणि पडद्यावर मार्क येतात. शून्य.

नव्या वर्षाची परीक्षा झाली. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'शंभर' म्हणत, कारण तिने त्याच्याखाली कधी मार्क घेतलेच नव्हते. औषधांची नावं, मात्रा, दुष्परिणाम, सगळं तिला तोंडपाठ. अठरा पेशंट तिने व्यवस्थित निभावले. एकोणिसाव्याला शून्य मिळाल्यावर तिने हेडसेट ओढून काढला तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"हे चुकीचं आहे!" ती थेट बाईंच्या खुर्चीपाशी आली. "मी स्पष्ट सांगितलं होतं. आठवड्यातून एकदा. रेकॉर्डिंग ऐका हवं तर. ती हो म्हणाली!"

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या.

"मग? पेशंटच खोटं बोलला तर माझी काय चूक?"

"ती खोटं नाही बोलली. मलाही ती हो म्हणाली होती."

मुलीला आधी कळलंच नाही.

"नोकरीचं माझं तिसरं वर्ष होतं," बाई सांगू लागल्या. "मी तुझ्यासारखंच स्पष्ट सांगितलं. खणखणीत आवाजात. मला वाटलं, सांगितलं म्हणजे झालं. आजींना वाटलं, आठवड्याच्या गोळ्या म्हणजे आठवडाभर रोज एक. दोन आठवड्यांनी त्यांची मुलगी खिडकीशी आली. मी तिच्या हातातलं रिकामं पाकीट घेऊन बघितलं. चिठ्ठी बरोबर होती, गोळी बरोबर होती, पाकिटावर मी लिहिलंही होतं. आजींना वाचता येत नव्हतं, ते मी विचारलं नव्हतं. चौकशी झाली. त्यात माझी काही चूक निघाली नाही."

"मग..." मुलगी अडखळली. "आजी?"

"बऱ्या झाल्या. महिनाभर हॉस्पिटलात होत्या. मी रोज जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन बघून यायचे. पुढे अकरा वर्षं माझ्याच खिडकीतून औषधं नेत होत्या, आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं." बाईंनी गुडघ्यावरून हात फिरवला. "त्या दिवसापासून मी औषध हातात द्यायच्या आधी विचारते, 'आता तुम्ही मला सांगा, कसं घेणार?' एवढा एक प्रश्न आहे. त्याला अर्धं मिनिट लागतं."

ही गोष्ट त्यांनी याआधी फक्त यजमानांना सांगितली होती. प्राचार्यही दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शिकाऊ असताना तो प्रश्न त्यांच्याकडून हजारदा वदवून घेतला गेला होता. तो आला कुठून, हे त्यांना आज कळलं.

शंभरने हेडसेट पुन्हा चढवला. त्या दिवशी तिने ती आजी आठ वेळा घेतली. दुसऱ्या खेपेला प्रश्न विचारला, पण पुस्तकातला धडा म्हटल्यासारखा. पाचव्या खेपेला आजींचं उत्तर चुकलं, तेव्हा ती फक्त तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा बोलली. "आजी बहिऱ्या नाहीत गं," बाई म्हणाल्या. आठव्या खेपेला तिने वार विचारला. आजी कुठल्या वारी नातवाला फोन करतात, ते विचारलं. त्याच वारी गोळी, असं ठरवून दिलं. मार्क किती आले ते बघायला ती थांबलीही नाही.

उन्हाळ्यात ती हॉस्पिटलात शिकायला गेली. एका दुपारी बाई गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या, तेव्हा तिचा फोन आला. मागे रांगेचा गलका ऐकू येत होता.

"बाई, दोनच मिनिटं. आज एक काका आले होते. दम्याचा पंप तीन वर्षं वापरतायत. मी म्हटलं, कसा घेता ते करून दाखवा. त्यांनी टोपण काढलंच नाही! टोपणासकट दाबला! तीन वर्षं, बाई!"

"मग तू काय केलंस?"

"हसले नाही. टोपण काढून दिलं. मग त्यांनी घेतला, आणि... बाई, त्यांचा चेहराच बदलला. मागचे लोक ओरडत होते, तरी मी त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं."

"ओरडू देत. त्यांचाही नंबर येतो."

बाई आत आल्या तेव्हा यजमान गॅसपाशी उभे राहून भाजी ढवळत होते. कोणाचा फोन, असं त्यांनी विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं, काकांनी पंप कसा दाबला तेही हातवारे करून दाखवलं. यजमान पोट धरून हसले, मग गंभीर झाले आणि म्हणाले, "बिचारा. कुणी बघितलंच नसेल."

"नसेलच." बाईंनी पर्समधून आपली पेशंटांची वही काढली, टेबलाशी बसल्या आणि विसाव्या पेशंटच्या पानावर 'दम्याचे काका' असं लिहिलं. मग घरभर पसरलेला भाजीचा वास त्यांच्या नाकात शिरला, तेव्हा वही मिटून त्यांनी दोन ताटं घेतली.