छतावरची भुकटी

पेन्सिलीचं शिसं बोटांना लागलं की बंगळूरची ती प्रयोगशाळा आठवते. तपकिरी ग्राफाइट ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढला की भुकटी काळी होते आणि वीज वाहून नेते. ज्याची भुकटी जास्त नेईल, त्याचं नाव आमचे सर वहीत लिहिणार होते. शेजारच्या टेबलावरची अक्का ऑक्सिजन खेचून घेणारं हायड्रॅझिन घालून शांतपणे ढवळायची आणि वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा रोज हलवायची. माझा जळफळाट असा, की बर्नरची गरजच नव्हती. उष्णतेनेही ऑक्सिजन निघतो, म्हणून एके दिवशी मी माझी सगळी भुकटी एकदम तापवली. धडाका तिथल्या शिवाजीनगरपर्यंत ऐकू गेला, भुकटी छताला चिकटली आणि मी काळाठिक्कर. "स्वल्प घाई झाली, अण्णा," म्हणत अक्का स्टुलावर चढली, तिने माझी भुकटी खरवडली आणि मीटरला लावली. काटा तिच्या भुकटीच्या दुप्पट फिरला. मोजलं तिने, म्हणून वहीत नावही तिचंच लागलं. अजून पेन्सिलीला टोक करताना मी आधी छताकडे बघतो.