विंचवाला उपाशी मारणारी युफ्रोसीना

दुरांगोच्या या डोंगरात चप्पल झटकल्याशिवाय कुणी पाय घालत नाही. युफ्रोसीनाच्या चार वर्षांच्या कूकानं एकदाच न झटकता घातला, आणि आतला विंचू डसला. पोरीच्या तोंडाला फेस आला, डोळे भिरभिरायला लागले. बापानं, आन्सेल्मोनं, तिला खेचरावर घेतलं. पण दवाखाना दरीपलीकडे. अर्ध्या वाटेतच ती गेली.

तिला पुरून आल्यावर तो पिवळा विंचू उंबऱ्याच्या फटीत सापडला. आन्सेल्मोनं दगड उचलला, तसा युफ्रोसीनानं त्याचा हात धरला.

"थांब. इतक्या लवकर नाही सुटायचा तो."

तिनं त्याला काचेच्या बरणीत कोंडलं. ना किडा, ना पाणी.

मी शेजारीण. मक्याच्या रोट्या भाजायला रोज तिच्या चुलीशी बसायची.

"मेला का गं मेला?"

"कुठला! माझ्याकडेच बघतोय मुडदा."

थंडी सरली, तरी बरणी हलवली की नांगी वर व्हायची. शाळेच्या बाई भेटायला आल्या. त्या म्हणाल्या, "हे डायनासोरांच्याही आधीचे. यांचे पूर्वज पाण्यात असायचे म्हणतात. खायला नसलं की अंगातला सगळा कारभार मंद करतात. ती धिप्पाड जनावरं संपली, हे टिकले."

"मग माझी चार वर्षांची का नाही टिकली, बाई?"



उन्हं तापायला लागली, आणि एका सकाळी बरणीत त्याच्या पाठीवर पांढरी पिल्लं दिसली. युफ्रोसीना बरणीपाशी वाकली.

"अगं, ही तर बाई आहे. पोटुशी राहून उपाशी होती."

मला वाटलं, आता सोडेल. तिनं चुलीवरचं आधण उचलून बरणीत ओतलं.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"नाही."

पुढे विषावरचं औषध बनवणाऱ्यांचा माणूस जिवंत विंचू न्यायला गावात येऊ लागला. युफ्रोसीना चिमटा घेऊन दगड उलथायला लागली. तिची एकच अट होती, "औषध इथं गावात ठेवा, नाहीतर एकही विंचू मिळायचा नाही." तो टाळत राहिला, ही भांडत राहिली. शेवटी शाळेतल्या कपाटात औषध आलं, आणि बाई सुई टोचायला शिकल्या.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातवाला विंचू चावला. सुई मिळाली. संध्याकाळी पोरगं खायला मागू लागलं. मी धावत युफ्रोसीनाकडे गेले, तिचे दोन्ही हात धरले. तिनं ते सावकाश सोडवून घेतले.

"वाचला ना? मग इथं काय करतेस? जा, त्याच्यापाशी बस," ती म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.