तुफानचं लायसन्स

तुफानची नजर अधू झाली आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तसं त्यानेच सांगितलं होतं. निवृत्त झाला त्याच आठवड्यात जेवता जेवता म्हणाला, "समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात आता. गाडी बंद." बायकोने बरं म्हटलं. जावई म्हणाला, "मी आहे ना." विषय मिटला. पुढे लायसन्सची मुदत संपली तेव्हा ती तारीख एकट्या त्यालाच माहीत होती. त्या दुपारी तो कितीतरी वर्षांनी गाढ झोपला.

रुग्णालयाची ॲम्ब्युलन्स त्याने एकतीस वर्षं चालवली होती. तुफान हे नाव नर्स मंडळींनी ठेवलं, तेही शेवटच्या अकरा वर्षांत. त्याआधी तो चारचौघांसारखा बेताने चालवणारा ड्रायव्हर होता. मग एकाएकी असा काही पळवायला लागला की सोबतची नर्स दांडी घट्ट धरून डोळे मिटून घ्यायची. एकही अपघात केला नाही. लोकांना वाटे, हात बसला आहे. तो का पळतो आहे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बायकोच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीनदा डायालिसिस सुरू झालं. जावई न्यायचा, आणायचा. त्याची बदली झाली. मग भाड्याची गाडी. पण येताना तिला उलट्या व्हायच्या, आणि एका ड्रायव्हरने तिला भर रस्त्यात उतरवून तिच्याकडूनच सीट पुसून घेतली. घरी येऊन तिने हे सांगितलंसुद्धा नाही. तिच्या पदराला वास येत होता, तेव्हा त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने कपाटातून लायसन्स काढलं.

खिडकीवरचा कारकून म्हणाला, "काका, मुदत संपून दोन वर्षं झाली. आता नुसतं नूतनीकरण नाही होणार. डॉक्टरचा दाखला आणा आणि गाडी चालवून दाखवा."

दाखला देणाऱ्या डॉक्टरकडे बायको हट्टाने सोबत आली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. तुफानला सगळ्यात खालची ओळ स्वच्छ दिसत होती, त्याखालचं छापखान्याचं बारीक नावसुद्धा. दोन अक्षरं चुकीची सांगितली की सुटका होती. त्याने तोंड उघडलं आणि बाजूला पाहिलं. बायको सुया टोचून निळा पडलेला हात मांडीवर घेऊन बसली होती, आणि त्याला धीर द्यावा तशी मान हलवत होती.

त्याने अख्खा तक्ता घडाघडा वाचला.

"वा!" डॉक्टर शिक्का मारत म्हणाले. "डोळे तरण्याताठ्या माणसाचे आहेत. दिव्यांनी दिपतात म्हणता? मला तर तसं काही दिसत नाही."

जिना उतरताना ती शेवटच्या पायरीवर थांबली.

"डोळ्यांना काही झालं नव्हतं ना?"

"नाही."

"मग?"

तो पायरीवरच बसला. तीही शेजारी टेकली. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते. जे तेरा वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते त्याने सांगितलं.

भर दुपारची वेळ होती. झोपाळ्यावरून पडलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी, डोक्याला मार. मागे तिची आई स्ट्रेचर धरून बसलेली. रस्ता उखडलेला. गाडी जरा उसळली की मुलगी कण्हायची आणि आई म्हणायची, "दादा, हळू चालवा. तिला हिसके बसतात." त्याला कीव आली. त्याने वेग कमी केला. खड्डा न् खड्डा चुकवत, तेलाचं भांडं न्यावं तशी गाडी नेली. तासाभराने व्हरांड्यात डॉक्टर नर्सला म्हणत होता, "पाच मिनिटं आधी आली असती तर..."

"तुम्हाला कुणी बोललं का?" बायकोने विचारलं.

"बोललं असतं तर बरं झालं असतं. ती आई माझ्याकडे आली आणि हात जोडून म्हणाली, तुम्ही माझ्या पोरीला शेवटी त्रास होऊ दिला नाहीत."

तिने पदर तोंडाला लावला.

"तेव्हापासून गाडी सुरू केली की मागून आवाज येतो. गाडी रिकामी असली तरी. दादा, हळू चालवा. म्हणून मी पळवायचो."

तिने समजूत घातली नाही, की डॉक्टरला दाखवू म्हणाली नाही. उठताना त्याच्या खांद्याचा आधार घेत म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी मी मागे बसते."

पण ते काही जमलं नाही. मैदानावरचा इन्स्पेक्टर तरुण आणि कडक होता. "गाडीत दुसरं कुणी चालणार नाही, काकू. तिकडे बाकावर बसा." तुफानने जावयाने मागे ठेवलेली जुनी गाडी सुरू केली. पहिला गिअर टाकतो न टाकतो तोच मागून ते आलं, नेहमीसारखं, थकलेलं, अजिजीचं. तरी आठाचा आकडा त्याने एकही खुंटी न पाडता काढला. चढावर थांबवून पुन्हा उचलली. मग इन्स्पेक्टर म्हणाला, "रिव्हर्स घ्या."

त्याने आरशात पाहून गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

"आरशात नाही. मान वळवून मागे बघा."

तेरा वर्षांत त्याने मान वळवली नव्हती. सगळं आरशांवर निभावलं होतं.

"काका, ऐकू येतं ना? मागे बघा, नाहीतर नापास करतो."

त्याने बघितलं. फाटकं सीट-कव्हर, बायकोची शाल, मागच्या काचेतून दिसणारं मैदान. कुणी नव्हतं. त्याला वाटलं होतं, कुणी नसेल तर आवाज थांबेल. आवाज थांबला नाही. रिकाम्या सीटकडे बघत, तो आवाज ऐकत, त्याने गाडी दोन खुंट्यांच्या मधोमध नेऊन उभी केली.

"हात चांगला आहे," इन्स्पेक्टर कागदावर सही करत म्हणाला. "पण रडताय कशाला? पास झालात की."

लायसन्स हातात आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी डायालिसिस होतं. बायको मुद्दाम मागे बसली. थोडं अंतर गेल्यावर म्हणाली, "आली का ती?"

"आली."

"मग चालवा की हळू. तिचं ऐका. आम्हाला दोघींनाही घाई नाही."

त्याने ऐकलं. मागून हॉर्न वाजले, सायकलवालेसुद्धा पुढे गेले. एकेकाळच्या तुफानला ओलांडून गेले, हे कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं.

तिला आत मशीन लावल्यावर चार तास रिकामे होते. एरवी ड्रायव्हर पाय बाहेर काढून पुढच्याच सीटवर डुलक्या काढतात. तुफान मागे जाऊन बसला, त्या आईच्या जागी. तिथून रस्ता जवळजवळ दिसतच नव्हता. समोर ड्रायव्हरच्या सीटची पाठ, वर पुढच्या काचेचा एक तुकडा, बस्स. खड्डे किती आहेत, रुग्णालय किती लांब आहे, काही म्हणजे काही कळायची सोय नव्हती. तिला फक्त त्याची पाठ दिसली असेल आणि मांडीशी पोरीचं कण्हणं ऐकू आलं असेल.

"तुम्हाला कुठून माहीत असणार, बाई," तो मोठ्याने म्हणाला. "माहीत मला होतं."

गाडी बंद असली की तिथे काहीच नसे.

आवाज गेला नाही, हे सांगितलं पाहिजे. अजूनही किल्ली फिरवली की येतो. आठवड्यातून तीन दिवस, जाता-येता. फक्त आता तुफान आरसा जरा खाली वळवून मागे बघतो. तिथे बायको शाल गुंडाळून काचेला डोकं टेकून पेंगत असते.