निम्मेमामांची पुरी नोकरी

निम्मेमामा भरलेला कप कधी घेत नसत. कॅन्टीनवाल्याने चुकून भरलाच, तर अर्धा चहा शेजारच्याच्या बशीत ओतून म्हणत, "निम्म्या नोकराला निम्माच बरा." साखर कारखान्यातले ते हंगामी कामगार. गाळप असेल तेवढे महिने कामावर, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ईट गावी आपल्या घरी, शेळ्यांमागे. निम्मेमामा हे नाव त्यांनीच स्वतःला लावून घेतलं होतं. मीही हंगामीच, त्यामुळे मला त्या नावाचा भारी राग यायचा.

कामावर मात्र मामांच्या वाटेला कुणी जात नसे. उकळत्या पाकाचा थेंब काचेवर घेऊन ते उजेडाला धरत, बोटांवर चोळत. साहेब घाई करायला लागले की म्हणत, "दम धरा. साखरेचा दाना बसू द्या." त्यांच्या पाळीची साखर बघून साहेबही गप्प होत. असा हा माणूस लग्नाकार्यात साडूने "नोकरी किती झाली?" म्हणून विचारलं की मान खाली घालायचा. चोवीस हंगाम झाले होते, पण सांगायचा, "धरा बारा वर्षं."

निवृत्ती जवळ आली तेव्हा पेन्शनचा हिशेब मीच त्यांना समजावला. शेवटच्या पाच वर्षांच्या पगाराची सरासरी, तिला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं, सत्तरने भागायचं. मामांना लगेच कळलं. "पन माझी वर्षं बाराच की रं," ते म्हणाले. बारा वर्षांच्या पेन्शनीत दोघा नवराबायकोचं भागणार नव्हतं, म्हणून तालुक्याला भूमला एका गोदामावर रात्रीच्या राखणदारीचं त्यांनी बोलूनही ठेवलं होतं. या वयात! माझा जीव तुटला.

त्याच महिन्यात पेन्शन कार्यालयाचे एक साहेब कारखान्यात आले. कॅन्टीन हंगामी कामगारांनी भरलं, पण विचारायची लाज प्रत्येकालाच. शेवटी मामा उठले. "साहेब, आमी निम्मं वरीस काम करतो. आमची नोकरी किती धरता?"

साहेब म्हणाले, "हंगामी कारखान्यात एका हंगामाचं पूर्ण वर्ष धरतात. तुमची चोवीस वर्षं. आणि वीसच्या वर झाली म्हणून दोन वर्षं जादा."

 मामा म्हणाले, "परत सांगा साहेब, मोठ्यानं. मागच्यांना ऐकू आलं न्हाय."

आम्हा मागच्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी साहेबांनी पुन्हा सांगितलं, आणि कॅन्टीनचे पत्रे हादरतील एवढ्या टाळ्या पडल्या. मामांनी तिथूनच भूमला फोन लावला. "राखणदारीला दुसरा गडी बघा. आमी पेन्शनर हाय!" मग कॅन्टीनवाल्यापुढे कप धरला आणि काठोकाठ भरेपर्यंत मागे घेतला नाही.

मामा आता ईटलाच असतात. कामावर कधी दाणा बसेना झाला की त्यांची आठवण येते, आणि मी दम धरतो. परवा एका लग्नात मला कुणीतरी विचारलं, नोकरी किती झाली? माझे तेरा हंगाम झालेत. मी म्हणालो, "तेरा वर्षं." मोठ्यानं म्हणालो, मागच्यांना ऐकू जाईल असं.